मंडळींसकट भुईगाव

प्रवासाला निघताना लोक देवापुढे नारळ ठेवतात. मी होल्डॉलमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवते. नारळाचं फळ मिळतं की नाही ते देव जाणे, पण गोळ्यांचा गुण येतो. निदान अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चपर्यंत तरी येत होता.

मला जगात दोनच गोष्टींची भीती वाटते, ढेकणांची आणि माझ्या धाकट्या बहिणीची. या प्रवासात दोन्ही मला एकाच छपराखाली भेटल्या, आणि त्यातली एक मी स्वतःच सांगलीहून निघून वाटेत गोळा करून नेली होती.

आधी घरातलं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या आईला ‘ढेकूण’ हा शब्द चारचौघांत उच्चारायची लाज वाटे. पाहुण्यांसमोर गादीत काही दिसलं की ती अगदी शांतपणे म्हणायची, “शालू, मंडळी आलीत गं.” की मी आणि धाकटी कुंदा निमूट उठून पाणी तापवायला लागायचो. पाहुण्यांना वाटे, काय वळण आहे पोरींना! लग्नानंतर हा ‘मंडळी’ शब्द मी आमच्या ह्यांना शिकवला. हे हायस्कुलात गणित शिकवतात, त्यामुळे एका गोष्टीला दुसरं नाव देण्यात त्यांना काही गैर वाटलं नाही.

आता कुंदाचं. नऊ वर्षांपूर्वी ती मुंबईत चाळीतल्या एका खोलीत राहायची, आणि मे महिन्यात दोन वर्षांच्या लेकीला घेऊन माझ्याकडे सांगलीला आली. मुंबईची चाळ म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. मी तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तिची वळकटी अंगणात सोडून तिच्यावर कढत पाणी ओतलं, पोरीचा फ्रॉक रंग जाईपर्यंत उकळला आणि दोघींची अंथरुणं पडवीत घातली. शेजारीपाजारी बघत होते. ढेकूण एकही निघाला नाही. कुंदा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत गेली आणि पुन्हा आली नाही. पुढं ती मंडळी, म्हणजे खरी माणसं, चाळ सोडून वसईजवळ भुईगावला, तिच्या सासरच्या घरी राहायला गेली. गेल्या वर्षी आईच्या दिवसांना आम्ही तेरा दिवस एका घरात होतो, पण बोललो फक्त पत्रावळींविषयी.

आई गेल्यावर मात्र मला राहवेना. मी कार्ड टाकलं, “येऊ का?” उत्तर आलं, “ये. झोपायला आत जागा आहे.” ‘आत’ खाली रेघ नव्हती, पण मला दिसली.

दादर, एक मुक्काम

सांगलीहून मुंबईपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. ह्यांना एका पाठ्यपुस्तकाच्या कामासाठी कोणाला तरी भेटायचं होतं म्हणून दादरला एका लॉजमध्ये एक रात्र काढली.

परक्या खोलीत शिरल्यावर मी आधी बसत नाही. सामान मोरीत ठेवते, कारण ओल्या फरशीवर मंडळी सहसा फिरकत नाहीत. मग बॅटरी काढते. गादीची शिवण, आणि तीही आधी डोक्याकडची. काळपट ठिपके दिसले की समजायचं. मग खाटेचे सांधे, खिळ्यांची भोकं, आणि शेवटी भिंतीवरची तसबीर. तसबिरीत कुठलाही देव असो, मागं पाहिल्याशिवाय मी त्याला नमस्कार करत नाही. मी गादी उभी करून तिचा काठ चाचपत होते तेव्हा मॅनेजर दारात आला. थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही पोलीस खात्यातल्या का?”

खोली स्वच्छ निघाली. मी स्वतःवर खूश झाले. होल्डॉल रात्रभर खुंटीला टांगून ठेवला, भिंतीला न टेकता. एवढी काळजी घेणारी बाई महाराष्ट्रात दुसरी नसेल, असं मनाशी म्हणत झोपले. तुम्ही परगावी उतरलात तर हे सगळं जरूर करा. फक्त त्याबरोबर नवऱ्यावरही नजर ठेवा, तेवढं माझ्याकडून राहिलं.

भुईगाव

वसई रोडला उतरून टांगा केला. बसण्याआधी मी टांग्याची गादी उचलून खाली पाहिलं. टांगेवाला म्हातारा होता. तो म्हणाला, “बाय, घोरा पन उलटा करून दावू काय?” हे इतके हसले की मला उगीचच राग आला.

पापडी गाव मागं पडल्यावर रस्ता चिंचोळा होतो आणि दोन्ही बाजूंनी वाड्या सुरू होतात. मी उसाच्या मुलखातली. आमच्याकडे हिरवं म्हणजे नजर जाईल तिथवर एकच पीक. इथं हातभर जागेत केळ, तिच्या शेजारी पानवेल, मध्ये पाण्याचा पाट, कुंपणाला जास्वंद, आणि एका वळणावर क्रूस, दुसऱ्या वळणावर मारुती. दोघांनाही त्याच जास्वंदीची फुलं वाहिलेली. समुद्र दिसत नव्हता, पण वाऱ्याला खारट चव होती.

कुंदा अंगणात उभी होती.

“आलीस,” ती म्हणाली.

“आले,” मी म्हटलं.

तिनं टांग्यातून होल्डॉल स्वतः उचलला, ओटी ओलांडून सरळ आतल्या खोलीत नेला आणि आपल्या पलंगावर, पांढऱ्याशुभ्र चादरीवर ठेवला. मला ओटीवरून नीट दिसावं म्हणून दार उघडंच ठेवलं होतं. “आमच्याकडे पाहुण्यांचं सामान घरात ठेवतात,” ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

तो टोमणा मी मुकाट्यानं गिळला, कारण तो माझ्याच हक्काचा होता. आम्ही ओटीवरच्या बाकावर बसलो. मी घाम पुसायला मान वळवली, आणि ह्यांच्या कॉलरवर एक ढेकूण चालताना दिसला. तांबडा, गुबगुबीत, अजिबात घाई नसलेला.

बसल्या बसल्या माझ्या डोक्यात सगळा उलगडा झाला. लॉजमध्ये मी खोली तपासत होते तेव्हा हे खाली मॅनेजरच्या वेताच्या खुर्चीत, माझी शाल पाठीशी घेऊन, तासभर पेपर वाचत बसले होते. वेताची खुर्ची! आणि ती शाल सकाळी घडी करून मीच होल्डॉलमध्ये घातली होती. तो होल्डॉल आता कुंदाच्या पलंगावर होता.

“अहो,” मी हळूच म्हटलं, “मंडळी.”

“कुठे?” हे गल्लीकडे बघायला लागले.

“तुमच्या मागे.”

मग ह्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा उतरला. “किती?”

“सध्या एकच. बाकीची मागं असतील.”

नेमक्या त्याच वेळी कुंदाच्या सासूबाई गूळपाणी घेऊन बाहेर आल्या. सत्तरीच्या, ताठ, नऊवारी घट्ट कसलेल्या. त्यांचं माहेर खाडीकडचं, त्यामुळे बोलणंही तिकडचं. मी त्यांना मावशी म्हणते.

“कोन मंडली?” त्यांनी विचारलं. “अजून कोन मागशी येतंय?”

मी काही बोलायच्या आत हे बोलून गेले, “आहेत थोडी.” ह्यांना खोटं बोलता येत नाही, आणि खरं कधी बोलू नये हेही कळत नाही.

“किती जन?”

“नक्की संख्या सांगता येणार नाही.”

“अगो बाय! पोराबालांसकट?”

“बहुतेक,” हे म्हणाले. “वाढतं कुटुंब आहे.”

मी रुमालाच्या चिमटीत कॉलरवरचा पकडून चिरडला. त्याचा तो ओळखीचा घाणेरडा वास आला. मावशी तोवर आत वळून ओरडत होत्या, “कुंदा, तुझे ताईची मंडली मागशी येतंय. भात वारव!”

कुंदा दारात आली. हाताला तांदळाचं पीठ होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या मुठीतल्या रुमालाकडे.

“वाढवते,” ती म्हणाली. “आई, कोलंबीपण वाढवा. ताईची मंडळी फार भुकेली असतात. फक्त दिवसा जेवत नाहीत.”

“जेवत नाय म्हंजे काय? मी बसवते जेवाला,” मावशी म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या.

मला वाटलं, ही माझ्या सासरच्या माणसांना खादाड म्हणते आहे. तेही मी मुकाट्यानं गिळलं.

आता माझ्यापुढं एकच काम होतं. होल्डॉल त्या पलंगावरून बाहेर काढायचा, कुंदाला कळू न देता. नऊ वर्षांपूर्वी मी जिच्या वळकटीवर तिच्या लेकीदेखत कढत पाणी ओतलं, तिच्याच अंथरुणात मी ढेकूण सोडले हे तिला कळलं, तर बहीण म्हणून माझा कायमचा निकाल लागला असता. आई नव्हती. मध्ये पडून समजूत घालणारं कोणी उरलं नव्हतं.

मी “जरा साडी बदलते” म्हणत उठले. कुंदानं मला दारातच अडवलं. “आधी वाडी बघून या. उन्हं चढली की पाय भाजतील.” तिचा नवरा वामनराव चपला घालून तयारच होता.

वाडी सुंदर होती, आणि मला ती निम्मीसुद्धा दिसली नाही. वामनराव बँकेत जाणारा माणूस, पण सुट्टीच्या दिवशी पाटात उभा राहून पाणी वळवतो. त्यानं पानवेलीचं कोवळं पान खुडून दिलं. बावखल दाखवलं. बावखल म्हणजे वाडीतलं तळं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं, त्यावर वर्षभर बाग जगते. मांडवावर सुकेळी वाळत होती. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात घालतात, रोज उलटतात, आणि ती मधासारखी होऊन स्वतःच्याच रसात मुरतात. मी एक खाल्लं. चव अजून जिभेवर आहे. पण तेव्हा मनात एवढंच आलं, इतक्या उन्हात माझा होल्डॉल का नाही?

हे मात्र दर झाडाची फळं मोजत होते.

परत आलो तेव्हा दोन वाजले होते. घरभर कोलंबीच्या कालवणाचा वास सुटला होता, आणि मावशी कुंपणाच्या फाटकाशी डोळ्यांवर हात धरून उभ्या होत्या.

“मावशी, जेवलात का?”

“जेवते कशी? तुमची मानसं उपाशी येतीन नि मी पोट भरून बसू?” त्या म्हणाल्या. “मी चर्चचे नाक्यावर जाऊन पायलं. टांगेवाल्याला पन इचारलं. वाट चुकली वाटतं.”

त्या वेळी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात वाटली नाही. तरी हिंमत होईना. म्हटलं, आधी होल्डॉल काढू, मग काहीतरी सांगू. मी मागच्या दारानं आतल्या खोलीत शिरले.

पलंग रिकामा होता.

होल्डॉल नव्हता. चादरही नव्हती. मी कोनाडा पाहिला, दारामागं पाहिलं, आणि शेवटी गुडघे टेकून पलंगाखाली शिरले. अर्धी आत, अर्धी बाहेर अशी असताना मागून आवाज आला.

“काय शोधतेस, ताई?”

“कानातलं पडलं.”

“दोन्ही कानांत आहेत.”

मी तशीच थोडा वेळ पलंगाखाली राहिले. तिथं बरं वाटत होतं. मग बाहेर आले, केसांना जाळी लागलेली, आणि कुंदाच्या मागं मावशीही येऊन उभ्या होत्या. आता आणखी खोटं बोलायला माझ्यात ताकद नव्हती.

“मावशी, आत जाऊन जेवा. कोणी यायचं नाही,” मी म्हटलं. “मंडळी म्हणजे ढेकूण. माझ्या होल्डॉलमध्ये आहेत. तो इथं कुंदाच्या अंथरुणावर होता, आणि आता कुठं आहे ते मला माहीत नाही.”

मावशी म्हणाल्या, “म्हंजे मी ढेकनांसाठी चार वाटे कोलंबी सोलली?” आणि खांबाला धरून हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या.

कुंदा हसली नाही. “होल्डॉल मोठ्या पत्र्याच्या पेटीत आहे,” ती म्हणाली. “तू वाडीत गेलीस तेव्हाच टाकला, चादरीसकट. वर कडी लावलीय आणि पेटी उन्हात आहे.”

“तुला कळलं होतं?”

“ताई, तो शब्द आईचा आहे. आई काय तुझी एकटीची होती?”

खरं सांगते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं तो शब्द मी ह्यांच्याशी बोलत आले, त्यामुळे मला तो माझ्याच घरचा वाटायला लागला होता. माहेरच्या त्या गोदामासारख्या पाणी तापवायच्या खोलीत माझ्या शेजारी आणखी एक मुलगी फुंकणी घेऊन बसायची, हे मी विसरून गेले होते.

“मग लगेच का नाही बोललीस?”

“बोलले असते तर तू आल्या टांग्यानं परत गेली असतीस. मी गेले होते तशी.” ती चादर नसलेल्या गादीवर बसली. “आणि मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.”

“माझं चुकलं, कुंदा,” मी म्हटलं. “आजचं नाही म्हणत मी, तेव्हाचं. तुझ्या वळकटीत काहीच नव्हतं.”

“नव्हतंच. मला माहीत होतं.” ती म्हणाली. “तुझ्याकडे यायचं म्हणून मी निघण्याआधी सगळ्या शिवणी तपासल्या होत्या. तीन वेळा. वामन म्हणाला, बहिणीकडे चाललीस की परीक्षेला?”

मी रडायला लागले. तीही रडली. हे दारातून डोकावले आणि लगेच परत गेले, त्यांना एवढी अक्कल आहे. शेवटी मावशींनीच आम्हांला उठवलं. “रराचं ते मंग. भात निवतो नि कोलंबी एकदा थंड झाली की मजा नाय.”

पंधरा माणसांचा स्वयंपाक कुंदाची लेक धरून आम्ही सहा जणांनी जमेल तेवढा संपवला, उरलेला शेजारच्या दोन घरांत गेला. आमच्याकडे मासा म्हणजे कृष्णेचा, काट्याचा आणि घाबरत खायचा. ही नारळाच्या रसातली कोलंबी मी बोटं चाटून खाल्ली. तांदळाची भाकरी मात्र माझ्या ज्वारीच्या हाताला जमेना. थापायला गेले तर तिचा नकाशा झाला.

दुसरा दिवस

सकाळपासून दोघी कामाला लागलो. परसात तांब्याचा हंडा तापत ठेवला. पत्र्याची पेटी आदल्या दिवशी उन्हात तापून अशी झाली होती की हात लावता येईना. कापड असं बंद पत्र्यात घालून उन्हात ठेवलं की मंडळी भाजून निघतात, हे कुंदाकडून शिकावं. मी कपडे उकळत्या पाण्यात घातले, तिनं पलंगाच्या सांध्यांवर किटलीनं कढत पाणी सोडलं, मी मागोमाग रॉकेलचा बोळा फिरवला. आईनं शिकवलेली कामाची वाटणी आपोआप जमली. मी म्हटलं, “डोक्याकडची बाजू आधी.” ती म्हणाली, “मला नको शिकवूस,” आणि डोक्याकडचीच बाजू आधी घेतली.

शालीच्या घडीत तीन निघाले. ह्यांनी आकडा लिहून घेतला.

“कोनाला सांगू नको हां,” मावशी मला म्हणाल्या. दुपारपर्यंत त्यांनी स्वतःच अर्ध्या आळीला सांगितलं होतं. पाणी भरायला आलेल्या बायका माझ्याकडे बघून विचारत, “मंडली जेवली काय?” आणि पदर तोंडाला लावून पळत. संध्याकाळी समुद्रावर गेलो तेव्हा वाळूत बसलेल्या एका अनोळखी बाईनंही तेच विचारलं. सुरूच्या झाडांपलीकडे सूर्य बुडत होता, फार छान दृश्य होतं म्हणतात. मी मान वर करून पाहिलं नाही.

झोपायला मात्र आम्ही दोघी आत, एकाच गादीवर. बायकांनी एका गादीवर झोपताना जे बोलायचं असतं ते सगळं बोललो. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

निघताना

तिसऱ्या दिवशी कुंदा आम्हांला टांग्यापर्यंत पोचवायला आली. हातात सुकेळीची पुडकी, केळीच्या सोपटात बांधलेली. तिची लेक आता अकरा वर्षांची, माझ्याकडे जरा लांबूनच बघत होती.

“मेमध्ये येऊ म्हणतेय,” कुंदा म्हणाली. “हिला घेऊन. आठ दिवस.”

“ये की.”

“आम्ही झोपायचं कुठं?”

गाडी कितीला सुटते असं विचारावं तितक्या साध्या आवाजात तिनं विचारलं. मला वाटलं होतं, रडून झालं, जेवून झालं, म्हणजे मिटलं. तसं नव्हतं. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि तिची लेकही.

“माझ्या खोलीत,” मी म्हटलं. “माझ्या शेजारी. सामान घेऊन सरळ आत यायचं, मला न विचारता.”

“बरं,” ती म्हणाली आणि पुडकी माझ्या मांडीवर ठेवली.

टांगा वळणावर आल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, “आणि तिनं खरंच काही बरोबर आणलं तर?”

“तर दोघी मिळून गादी उकळू,” मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते नुसतं बोलताना माझ्या अंगाला खाज सुटली नाही.